हे तर आपलंच की!

नायजेरियातलं रस्त्यावरचं खाणं, तेही शाकाहारी, आपल्या पुण्यात मिळतं हे कळल्यावर मी नवऱ्याला आणि नणंदेला हौसेनं त्या छोट्या हॉटेलात घेऊन गेले. तिथल्या नायजेरियन मालकीणबाईंनी पहिली बशी ठेवली आणि म्हणाल्या, "अकारा." भिजवलेली चवळी सोलून, वाटून तळलेले गरमागरम गोळे.

"अगं, हे तर आपले चवळीचे वडे!" नणंद म्हणाली.

मग तळलेल्या केळ्यांचे काप आले. "आपली राजेळी केळी," पुन्हा नणंद. काडीला टोचून भाजलेली मशरूम आली, वर शेंगदाण्याचं झणझणीत तिखट. "शेंगदाण्याची चटणीच की!" इति नवरा.

माझं डोकं फिरलं. परक्याच्या घरी जावं आणि भिंतीवर आपलेच फोटो शोधत बसावं, तसं चाललं होतं आमचं. समुद्रापलीकडून आलेल्या पदार्थाला घटकाभर तरी पाहुणा म्हणून राहू द्याल की नाही? आल्या आल्या आपलं आडनाव कशाला चिकटवायचं?

शेवटी आंबवलेल्या बियांचा काळपट रस्सा आला. त्याच्या उग्र वासाला दोघांनाही जोड सापडेना. नणंदेनं वाटी माझ्याकडे सरकवली. "वहिनी, तूच सांग, कशासारखं लागतंय?"

मी घास घेतला, डोळे मिटले आणि आठवू लागले. सुकट? छे. शिळं ताक? तेही नाही. आठवता आठवता घास गिळून झाला, आणि त्याची चव घ्यायची राहूनच गेली.