लागला का?

दुपारचा चहा गाळत होते आणि लाइट गेली. पंखा दोन-तीन गिरक्या घेऊन थांबला. "गेली," मी सवयीने म्हणाले आणि दादाचा चहा निवायला बशीत ओतला.

दादा खुर्चीतून उठून उभा होता. मान किंचित कललेली, नजर खिडकीकडे.

"लागला का?"

"काय लागला?"

"जनरेटर."

आमच्या इमारतीत जनरेटर नाही, हे त्याला ठाऊक आहे. पण माझा हा भाऊ निवृत्त होईपर्यंत अणुवीज केंद्रात थंड पाण्याच्या पंपांवर होता. "भट्टी बंद केली म्हणून निवत नाही गं," त्याने एकदा सांगितलं होतं, "आतून तापतच राहते. पाणी फिरतं ठेवावंच लागतं." वीज गेल्यापासून, पंप चालवणारा डिझेलचा जनरेटर लागेपर्यंतची शांतता त्याने कितीदा तरी ऐकली असेल. दर वेळी जनरेटर लागला. तरीही ती शांतता त्याच्याबरोबर घरी आली.

चहा निवतो, डोळे निवतात, जीव निवतो. मला वाटायचं, नुसतं थांबलं की सगळं आपोआप निवतं.

पंखा फिरला. दादा बसला आणि गार चहा प्यायला.

हल्ली तो गावी असला तरी लाइट गेली की मी "गेली" म्हणत नाही. हातातलं काम थांबतं, मान आपोआप कलते. या इमारतीत जो कधीच येणार नाही, त्या आवाजाची मी वाट बघत राहते.