सावरीच्या कापसाची चटई

जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, पण दुसऱ्याच्या वीतभर वस्तूलाही कधी हात लावला नाही — निवृत्तीच्या समारंभात हे वाक्य मी म्हटलं तेव्हा टाळ्या पडल्या. शाल झाली, नारळ झाला, साहेबांचं भाषण झालं. वाक्य खोटं होतं. वस्तू वीतभर नव्हती, चांगली साडेपाच फूट लांब होती.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि माझ्यासोबत दहा वर्षं मोजणीची साखळी ओढणाऱ्या दामूलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? ते नीटसं कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल.

राज्य वेगळं झालं त्याच्या पुढचा हिवाळा. तलासरीच्या अंगाला, नव्या सरहद्दीजवळच्या पाड्यांवर आमची मोजणी चालली होती. मोजणी म्हणजे चालणं. दिवसभर बांधाबांधाने साखळी ओढायची, संध्याकाळी ज्या पाड्यावर पोचू तिथे कुणाच्या तरी पडवीत अंग टाकायचं, सकाळी सगळं गुंडाळून पुढे. अशा कामात माणसाला विचार एकच — आज पाठ कशावर टेकणार?

या विषयात मी जाणकार समजला जायचो. तसं मीच पसरवलं होतं. कापसाची गादी होल्डॉलमध्ये घालून एकदा नेली, तर दामूने ती नुसती उचलून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, हिच्यासाठी बैलगाडी मागवा, मी घरी जातो." सतरंजी हलकी, पण जमिनीची ओल रात्रभर हाडांत चढते. घोंगडी ऊब देते आणि चावतेही. काथ्याच्या चटईवर झोपलं की सकाळी पाठीवर नकाशा उमटतो. मग मुंबईत लष्कराचा जुना माल विकतात तिथून मी एक रबराची, हवा भरायची गादी आणली. तोंडाने फुंकून फुंकून डोळ्यांपुढे काजवे यायचे. तिसऱ्याच मुक्कामाला बाभळीचा काटा लागला आणि तिने मोठा सुस्कारा सोडला. दामू नरपडचा, घर मासेमारीचं. त्या रबराच्या वासाला नाक मुरडून तो म्हणाला, "मेलेला मासा पण इतका वास मारत नाय." तो स्वतः होडीच्या शिडाच्या जुन्या तुकड्यावर झोपायचा. घोरायचाही.

म्हणजे त्या दिवशी माझी पाठ दुखत होती. हे कारण म्हणून सांगत नाही — पण दुखत होती, हे खरं.

सकाळचे दहा-अकरा वाजले असतील. पाड्याच्या खालच्या बाजूला ओढा, ओढ्याच्या पलीकडे प्रेतं जाळायची जागा. दामू खुंट्या आणायला वर गेला होता. मी एकटा. ऊन स्वच्छ पडलेलं, वारा नाही, आणि एकही पाखरू बोलत नव्हतं. एका सपाट दगडावर चटई पसरलेली होती. शेजारी फुटकं मडकं, एक काठी. त्या भागात माणूस गेला की त्याचं अंथरूण तिथे नेऊन ठेवतात. ते परत घरात येऊ द्यायचं नसतं. मला हे माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं, तर हे लिहायची वेळच आली नसती.

मी चटईला हात लावला, तो फक्त विणकाम पाहायला. शिंदीच्या पात्यांची, दोन पदरी. दोन्ही पदरांच्या मध्ये सावरीचा कापूस पातळ भरून जागोजागी टाके घातलेले, म्हणजे तो एका बाजूला गोळा होऊ नये. तिची तीन ठिकाणी घडी पडत होती. वजन? दामूच्या शिडापेक्षा कमी. जे मी पाच वर्षं शोधत होतो, ते कुणीतरी त्या डोंगराळ पाड्यावर आपल्या हातांनी करून ठेवलं होतं. मध्ये एक खोलगट जागा होती — माणसाच्या अंगाची, माझ्यापेक्षा बुटक्या माणसाच्या.

घडी घातली आणि पिशवीत कोंबली. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मेलेल्याला चटई लागत नाही, हा विचार मला त्या वेळी फार आधुनिक वाटला.

दामूला सांगितलं, कासा गावच्या बाजारात घेतली. त्याने दाबून पाहिली. "मऊ हाय," म्हणाला, आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही.

झोप उत्तम लागली. इतकी उत्तम लागायला नको होती. मी जन्मभर उताणा झोपणारा माणूस. त्या चटईवर रोज सकाळी जाग यायची ती डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, उजवा हात पोटावर दाबलेला. मी स्वतःची समजूत घातली — खळगा जसा, तसं अंग वळतं, यात नवल काय? मग एकदा चहा ढवळता ढवळता दामू म्हणाला, "साहेब, तुम्ही पहाटे पेज मागता."

"मी? पेज?"

"'पेज दे' म्हणता. बारीक आवाजात. आपला आवाज नाय तो."

तांदळाची पेज मला लहानपणापासून आवडत नाही. मी हसलो. दामू नाही हसला.

तीन आठवड्यांनी आम्हाला त्याच पाड्यावर परत जावं लागलं. साखळी मोजण्यात माझीच चूक झाली होती. पाटलाच्या पडवीत उतरलो. अंथरुणाची निगा राखणारा मी! सकाळी उठून काय केलं असेल? पाटलाच्या कुडाच्या कुंपणावर चटई उन्हात घातली. रोजची सवय. मोजणीवाले तेवढं न चुकता करतात.

तोंड धुऊन आलो तर चटई कुंपणावर नव्हती. अंगणात पसरलेली होती आणि शेजारी एक बाई बसली होती. उंच, वाळलेली, कपाळावर गोंदण. चटईच्या खळग्यावर ती हलक्या हाताने थोपटत होती, आजारी माणसाला थोपटतात तशी. माझ्याकडे न पाहताच तिने विचारलं, "तू डावे कुशीवर निजतोस ना?"

मी तोंड पुसत राहिलो.

"तो पण. पोटात दुखं त्याच्या. हाडां टोचत, म्हणून कापूस भरला मी."

माणसं जमली. कुणी आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर बरं झालं असतं. पाटील खाली बसला, टाके पाहिले, आणि मला विचारलं, "सायब, ही तुला कुणी दिली?"

इथे थांबतो जरा.

खरं सांगायला किती वेळ लागला असता? 'ओढ्यापलीकडून मी उचलली' — एवढंच. नोकरी गेली नसती. पाड्याने मला मारलंही नसतं. दामू कुडाला टेकून उभा होता, आणि मेलेल्याचं अंथरूण चोरणारा साहेब म्हणून तो मला जन्मभर ओळखेल, एवढीच भीती. भुताला न भिणारा मी, दामूच्या हसण्याला भ्यालो.

"विकत घेतली," मी म्हणालो. "कासाच्या बाजारात."

"कुणाकडशी?"

"होती एक बाई."

"कशी होती?"

खोटं टिकायचं तर त्याला तपशील लागतो, एवढं वाचन माझं होतं. पण मला काही सुचेना, आणि सुचेना तेव्हा समोर जे दिसत होतं तेच बोललो. "उंच होती. वाळलेली. कपाळावर गोंदलेलं."

सगळे तिच्याकडे वळले.

पाटलाने विचारलं, "हीच?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

'नाही' म्हणू शकलो असतो. त्या घडीलाही. तो एक शब्द तिच्या घरादाराएवढा होता, आणि मी तो 'आठवत नाही'मध्ये बुडवला.

ती एवढंच म्हणाली, "मी नेऊन ठेवली. दगडावर ठेवली." दोनदा म्हणाली. जमलेल्यांतल्या तिच्या दिराने तिच्याकडे पाठ फिरवली. तिचा नवरा गेला त्यानंतर पाड्यावर दोन पोरं तापाने गेली होती. ती का गेली, याचं उत्तर आता सगळ्यांना मिळालं — नवऱ्याचं अंथरूण बाजारात विकलं, म्हणून तो निजायला जागा शोधत घरोघर फिरतो. कुणी हे मोठ्याने बोललं नाही. नुसते एकेक करून तिच्यापासून लांब सरकले.

उठून जाताना ती माझ्याजवळ थांबली. रागावलेली दिसत नव्हती. हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असं विचारलं, "त्याला आता झोप लागते?"

मी म्हणालो, "लागते."

तिला कुणी हाकललं नाही, असं नंतर कळलं. फक्त कुणी तिला चुलीसाठी विस्तव देईना, आणि ती पाण्यावर गेली की बाकीच्या बाया घडे तसेच ठेवून निघून जात. उन्हाळ्याआधी तिच्या झोपडीला दिराने आपलं कवाड लावून ती ताब्यात घेतली होती. पुढे ती नरपडच्या एका वाडीत मजुरीला दिसल्याचं दामू बोलला. वाडीच्या कुंपणाशी, उघड्यावर झोपते म्हणाला. मी त्या रस्त्याने त्यानंतर पुष्कळदा गेलो. वाडीत शिरलो नाही. ती मेली की जिवंत आहे, मी विचारलं नाही.

चटई ओळखली गेली त्याच दिवशी दुपारी पाटील हात जोडून पडवीत आला. आमच्या बाईने तुला फसवलं सायब, पाड्याचं नाव खराब झालं, म्हणाला, आणि पायाशी एक कोंबडा ठेवून गेला. दामूने तो रांधला. रस्सा चांगला झाला होता. मी दोनदा वाढून घेतला.