पाच घरांचं धुणं

गुरुवारी पहाटे साडेचारला थर्झा कोल्बी नवऱ्याची विजार तिसऱ्या ओसाड घरापुढे वाळत घालत होती. नेब्रास्काच्या माळावर १८७१ साली वसलेल्या त्या गावात घरं अकरा, त्यातली पाच रिकामी. आज रेल्वेचा माणूस स्टेशनची जागा ठरवायला येणार होता. स्टेशन शेजारच्या गावी गेलं, तर ऑरिन पुन्हा गाडी जुंपणार. ओहायो, इलिनॉय, आयोवा, नेब्रास्का. दर मुक्कामी एक पोर झालं होतं. थर्झाला पाचवा मुक्काम नको होता, पाचवं पोर तर नकोच.

गाव वसवतो आम्ही, असं पुरुष सांगत. थर्झाच्या मते ते खुंट ठोकत आणि गावाला नाव देत. राहायचं काम बायकांकडे.

रिकामी घरंही नांदती दिसावीत म्हणून बुधवारी रात्रभर तिने गावच्या एकुलत्या विहिरीचं पाणी ओढून घरातली चिंधीन् चिंधी धुतली होती.

"अगं, मी काय घालू?" ऑरिनने विचारलं.

"घोंगडी. आणि बाहेर येऊ नका."

नऊला रेल्वेचे लँडिस साहेब आले. दोऱ्यांकडे पाहत म्हणाले, "बाई, माझी आई सोमवारशिवाय धुणं काढत नसे. इथे सगळं गाव गुरुवारी धुतं?"

"सोमवारी धुळीचं वारं होतं, साहेब."

"सगळ्यांकडे?"

"धूळ काय घर बघून येते?"

साहेब हसले. "मला घरं मोजायची नाहीत. इंजिनाला पाणी लागतं. विहीर दाखवा."

थर्झाचा चेहरा उतरला. साहेबांनी शिसं बांधलेली दोरी आत सोडली. वर आली ती गुडघाभरच ओली.

"एवढ्यावर गाडी थांबणार नाही," म्हणत ते दोरी गुंडाळू लागले.

"थांबा," थर्झा म्हणाली. "तुमचं पाणी त्या दोऱ्यांवर वाळतंय."

"म्हणजे?"

"त्या पाच घरांत उंदीर राहतात. कपडे सगळे आमचेच. खोटं वाटत असेल, तर आमचे हे आत घोंगडीत बसलेत."

साहेबांनी खरंच दारातून डोकावलं.

"या, बसा," आतून ऑरिन म्हणाला. "मी उठत नाही, माफ करा."

साहेब बराच वेळ खोकल्यासारखं करत राहिले. मग त्यांनी विचारलं, "विहीर भरायला किती वेळ लागतो?"

"एक रात्र. कोणी उपसलं नाही तर."

"उद्या सकाळी सहाला पुन्हा मोजतो."

थर्झाने रहाटाचा दोर सोडवला आणि घरी नेला. उद्या सहाची मोजणी होईपर्यंत गावात कोणी तोंड धुणार नाही.