आबांना सांगू नका

फोन आला तेव्हा किसनआबा द्राक्षाच्या पानात तांदूळ गुंडाळत होते.

ग्रीसमध्ये, कोरिंथजवळच्या एका शेतकऱ्याच्या अंगणात आम्ही चोवीस जण बसलो होतो. सगळे जुन्नर-आंबेगावचे द्राक्ष बागायतदार. एप्रिलची खरड छाटणी उरकून, म्हणजे वेलीच्या जुन्या काड्या कापून झाल्यावर, अभ्यास दौऱ्याला निघालेले. मी टूर मॅनेजर. तिकिटं, खोल्या, जेवणं आणि लोकांचे रुसवेफुगवे, हे सगळं ज्याच्या गळ्यात पडतं तो माणूस. मी मंचरचा, म्हणून ऑफिसनं मलाच या ग्रुपला जोडलं.

पहिले दोन दिवस मंडळींनी घरच्या चिवड्यावर काढले. मग हळूहळू चव लागली. काकडी-टोमॅटोवर चीजची अख्खी वडी ठेवलेलं सॅलड, मध घातलेलं घट्ट दही. दह्यावर तर सगळे तुटून पडायचे. आता ही पानं. घरमालकीण गरम पाण्यातून काढलेलं कोवळं पान ताटलीत पसरायची आणि त्यावर तांदूळ, कांदा, पुदिना, शेपू ठेवून गुंडाळी वळायची. शेपू दिसल्याबरोबर राजुरीचे आबा उठून तिच्या शेजारी जाऊन बसले.

"साहेब, हिला सांगा, आमी ही पानं बकऱ्यांना घालतो."

मी ते गाईडला इंग्रजीत सांगितलं, गाईडनं बाईंना. बाई पोट धरून हसल्या.

"आमची ही जनमभर बागेत पानं खुडती," आबा म्हणाले. "घरी गेल्यावर तिला करून घालतो. म्हणंल, म्हातारा बिघडला."

तेवढ्यात माझा फोन वाजला. आबांचा मुलगा, संतोष.

"साहेब, आई गेली. सकाळी छातीत कळ आली. दवाखान्यात पोचायच्या आत गेली."

मी अंगणाच्या बाहेर आलो. व्हिसाच्या कागदांसाठी मी त्यांच्या घरी गेलो होतो. हिराकाकूंनी चहा दिला होता आणि म्हणाल्या होत्या, "ह्यांच्या खाण्यापिण्याचं तेवढं बघा."

"चार वाजता उचलणार," संतोष म्हणाला. "आबांना सांगू नका. बीपी हाये त्यांना. आत्ता निघाले तरी पोचायचे न्हाईत. चार दिस ऱ्हायलेत, सुखानं फिरू द्या."

तिथं साडेबारा झाले होते, म्हणजे राजुरीत तीन. हातात एक तास होता. मी पुण्याला आमच्या ऑफिसच्या साहेबांना फोन लावला.

"घरच्यांनीच नको म्हटलंय ना? मग तोंड उघडू नकोस. अख्खा ग्रुप बिघडेल."

"सर, निदान फोनवर मुलाशी बोलतील."

"बोलून काय होणार? ती बाई परत येणार आहे का?"

राग आला. पण खरं सांगतो, सुटल्यासारखंही वाटलं. आबांच्या तोंडावर ते बोलायचं माझं टळलं होतं. मी खाली मान घालून परत येऊन बसलो.

दीड वाजता पानं शिजून आली. राजुरीत चार वाजले होते. आबांनी स्वतः वळलेली पानं वेगळी काढली, लिंबू पिळलं, दह्याबरोबर आठ-नऊ खाल्ली. एक उचलून माझ्या तोंडात घातलं. "कशी झाली?" मी म्हणालो, "छान." कशी झाली होती ते आजही सांगता येणार नाही.

संध्याकाळी टॅव्हर्नात गेलो. टॅव्हर्ना म्हणजे तिथली खाणावळ, गाणंबजावणं असलेली. तिथं उझो नावाची दारू देतात. पाणी घातलं की दुधासारखी पांढरी होते, वास बडीशेपेचा. आबांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. बाकीच्यांनी आग्रह केला. त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "आपल्याकडं बडीशेप जेवल्यावर, ह्यांच्याकडं आदी." घोटभर घेतली. मग तिथली माणसं खांद्यावर हात टाकून नाचायला लागली, त्या रांगेत आबाही शिरले. लोकांनी फोटो काढले. मी बिल बघतोय असं दाखवत काउंटरवर उभा राहिलो.

आबांचा फोन तिथं चालत नव्हता. पुढचे दिवस रोज म्हणायचे, "घरी फोन लावा की." मी म्हणायचो, लाईन लागत नाही. तीन वेळा खोटं बोललो.

शनिवारी पहाटे मुंबईला उतरलो. बाहेर संतोष होता, दोन चुलतभाऊ होते आणि काकूंचे भाऊ, लोणीचे. आबांनी मेव्हण्याला पाहिलं आणि बॅगांची ट्रॉली सोडून दिली. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

ते तिथंच खाली बसले. मग माझ्याकडं बघितलं.

"कवा?"

"मंगळवारी."

"तुमाला कवा कळलं?"

"मंगळवारीच. दुपारी."

त्यांनी आठवून पाहिलं. "त्या दिशी मी नाचलो," एवढंच म्हणाले.

दशक्रियेला मी गेलो. न जाऊन चालणारच नव्हतं. नदीवर सगळं उरकल्यावर भावकीतले एक म्हातारे आबांना समजावत होते. "न कळता केलेल्याचा दोष लागत न्हाई. सुतक कळल्यापास्नं धरायचं. तू कशाला जिवाला लावून घेतो?"

"मला कळलं न्हवतं," आबा म्हणाले. "ह्यांना कळलं व्हतं."

मी हात जोडले. म्हणालो, "आबा, सांगितलं असतं तरी तुम्ही पोचला नसता."

"न्हाई पोचलो असतो," ते म्हणाले. आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "पन चार वाजता तिकडं तिला आग दिली, तवा मी त्या बाईच्या अंगणात तोंड धुऊन, एका बाजूला बसून रडलो असतो. तेवढंच माझ्या हातात व्हतं, साहेब. ते पोरानं आन तुमी परस्पर ठरवलं."

संतोष तिथंच उभा होता.

पुढं बरीच वर्षं मी टूर्स केल्या. असे फोन आणखी दोनदा आले. घरचे दोन्ही वेळा म्हणाले, सांगू नका. मी दोन्ही वेळा त्या माणसाला बाजूला घेतलं, खुर्ची दिली, पाण्याची बाटली दिली आणि सांगून टाकलं. एकदा ग्रुपची दुपारची साइटसीइंग बुडाली आणि ऑफिसनं मला मेमो दिला. तो मी सही करून घेतला.