भीमाचं उखळ

पाहुणा आला की बाकीचे लोक त्याला राणीची बाग आणि गेटवे दाखवत. आमचे वडील, म्हणजे अण्णा, त्याला अंधेरी स्टेशनाच्या पूर्वेला भातखाचरांच्या बांधावरून तासभर चालवत महाकालीच्या लेण्यांवर नेत. पाहुण्याची इच्छा असो नसो. सोबत पाण्याचा फिरकीचा तांब्या, आईने बांधून दिलेल्या दशम्या आणि मी, कारण दशम्यांचा डबा कुणीतरी धरायला हवा.

अण्णा सरकारी कचेरीत कारकून. आठवडाभर मान खाली घालून फायली लिहायचे. लेण्यांपाशी पोचले की त्यांचा आवाजच बदलायचा. सगळी लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली, कोंबडा आरवला म्हणून काही अर्धवट राहिली. आतल्या गोल खोलीतला दगडी घुमट म्हणजे भीमाने पालथं घातलेलं उखळ. बाहेरचं पाण्याचं टाकं ही द्रौपदीची न्हाणी. पाहुण्या बायका उखळाला हळदकुंकू वाहायच्या आणि अण्णा धन्य व्हायचे. लहानपणी मीही त्या उखळाला हात जोडलेत, आता काय लपवायचं.

मॅट्रिकच्या वर्षी शाळेतल्या बाईंनी मला एक पुस्तक वाचायला दिलं आणि घोळ झाला. ही लेणी बौद्ध भिक्खूंची निघाली आणि उखळ म्हणजे त्यांचा स्तूप. मला इतिहासाचं वेडच लागलं. कॉलेजचा फॉर्म आणून ठेवला होता, त्यावर अण्णांची सही हवी होती. अण्णांचं म्हणणं, मुलीला मॅट्रिक पुष्कळ झालं, आता टायपिंग शीक. फॉर्म फडताळात पडून होता आणि शेवटची तारीख जवळ येत चालली होती. त्या दिवसांत मी इतकी गुणी झाले होते की आईला संशय यायला लागला.

अशात अण्णांचे साहेब बायकोला घेऊन लेणी बघायला आले. अण्णा रंगात आले होते. उखळापाशी साहेबांनी सहज विचारलं, "पण पांडव हस्तिनापूरचे ना? ते अंधेरीला कशाला येतील?"

"वनवासात..." म्हणून अण्णा अडकले.

मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच. "पांडवबिंडव कोणी नव्हते हो, साहेब. हा स्तूप आहे, इथे भिक्खू राहायचे. अण्णा आपलं उगाच काहीतरी सांगतात."

साहेब हसले, त्यांची बायको हसली. अण्णाही हसले, कसंनुसं, आणि माझ्याकडून डबा घेऊन दशम्या वाटायला लागले. ते "उगाच" मला आजही खुपतं. समोर नुसते चारचौघे नव्हते, त्यांचा साहेब होता, एवढी अक्कल मला असायला हवी होती.

परतताना अण्णा पुढे, मी मागे. फॉर्मची वाट लागली हे मला कळून चुकलं. पण त्यांच्या पाठीकडे बघून जे वाईट वाटत होतं ते फॉर्मचं नव्हतं.

पुढे आठवडाभर ते माझ्याशी मोजकंच बोलले. मग एका संध्याकाळी चहाची बशी ओठाला लावता लावता एकदम म्हणाले, "ते तुझे भिक्खू पाणी कुठून आणायचे?"

"टाकं खोदलंय ना त्यांनी. तुमची द्रौपदीची न्हाणी."

"हं. आणि जेवायचे काय?"

"गावात भिक्षा मागून."

"हं," म्हणाले आणि बशी खाली ठेवली.

फॉर्म द्यायला दोन दिवस उरले असताना, रविवारी, कोकणातून मामा-मामी आले. मामीची आईही होती. मी लेण्यांवर यायला नको म्हटलं, तर अण्णा म्हणाले, "मग डबा कोण धरणार?"

तिथे त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. कोंबडा, उखळ, न्हाणी, काही सोडलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभी. मामीच्या आईने उखळाला कुंकू लावलं, नमस्कार केला. मग अण्णा खाकरले.

"हे झालं आमच्या आईने मला सांगितलेलं. आमची मुलगी म्हणते, हा भिक्खूंचा स्तूप आहे. ते टाक्यातलं पाणीही त्यांच्या पिण्याचं."

"मग खरं काय धरायचं?" मामांनी विचारलं.

"मला काय विचारता, मी कारकून माणूस. काल तिच्या कॉलेजच्या फॉर्मवर सही केलीय. शिकून आली की तिलाच विचारा."

मला ते तिथेच, पाहुण्यांबरोबर कळलं. डोळे भरून आले, दोन्ही हातांत डबा, पुसू कशाने? अण्णांनी डबा स्वतःकडे घेतला आणि खोलीच्या जाळीच्या खिडकीवर कोरलेल्या, जुन्या लिपीतल्या झिजलेल्या अक्षरांकडे बोट केलं.

"यांना ते वाचून दाखव."

"मला नाही येत अजून वाचता."

"येईल," अण्णा म्हणाले आणि पाहुण्यांना दशम्या वाढायला वळले.