जाळीतला पाला

त्या रानाच्या फाटकावर बसणारे चाचा नसते, तर मी आत गेलोच नसतो. आणि आत जाऊन जे केलं, त्यातून बाहेरही पडलो नसतो. म्हणून आधी त्यांना सलाम.

मी गोंदियाकडचा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. आता कुरकुंभला कंपनीत हाउसकीपिंगला आहे. सुट्टीला निघालो तेव्हा रूमवरचे हसले, जंगलातून आला अन् जंगल बघायला चालला म्हणे. घरची आठवण आली की मला झाडं लागतात, हे त्यांना काय सांगणार? भांडगावच्या पुढं माळावर विद्यापीठानं अभ्यासासाठी राखलेलं रान आहे, लोक तिथं हिंडतात, पाखरं बघतात, एवढं ऐकलं होतं.

फाटकावरच्या रजिस्टरात एक रकाना होता: शिक्षण. मी पेन धरून घामाघूम. मागे कॉलेजची पोरं उभी. चाचांनी वही ओढली आणि स्वतःच लिहिलं, 'निसर्ग अभ्यासक'. "जावा आता, अभ्यास करा."

उपकाराचं ओझं घेऊन मी टेकडी चढलो. प्रत्येक झाडाला नंबरची पाटी, आमच्या कंपनीतल्या खुर्च्यांसारखी. खाली चार पायांवर ताणलेल्या जाळ्या, वाळल्या पाल्यानं भरलेल्या. मला वाटलं, हे चाचांचंच काम राहिलंय. वय झालंय, चढवत नसेल. एक जाळी उलटी करून अशी झटकली की सुपरवायझरनं बोट फिरवून बघावं. दुसरीला हात घालतो तोच विद्यापीठाच्या एक मॅडम वजनकाटा घेऊन आल्या, मागे चाचा, धापा टाकत.

महिन्याला किती पाला गळतो, ते मोजायच्या जाळ्या होत्या त्या.

माझ्यापायी म्हाताऱ्याची नोकरी जाणार, असं वाटलं. मॅडमनी विचारलं, हे कोण? चाचा पुढं झाले.

"निसर्ग अभ्यासक हायेत. चूक माझी हाय, मॅडम. हात लावू नका म्हणून सगळ्यांना सांगतो, ह्यांना सांगायचं राह्यलं."

मॅडम रिकाम्या जाळीकडे बघत राहिल्या. मग हसू दाबत वहीत लिहिलं: 'वजन नाही. अभ्यासकाने साफ केली.' सातवीनंतर माझी हजेरी लागली ती थेट विद्यापीठात. चाचांना एवढंच म्हणाल्या, पुढच्या वेळी आधी सांगत जा.

उतरताना चाचा सांगत होते, सगळा जन्म ह्या नंबरच्या झाडांत गेला, मोठं जंगल काही बघितलं न्हाई. एक दिवस मी त्यांना आमच्या गावी नेणार आहे. मोहाखाली बसवणार, चहा हातात देणार. खालचा पाला मीच झाडीन, तिथं कुणाची हरकत नसते.