साळूबाईच्या पोटातला पडदा

मिरजगावात साळूबाईचं घर विचारलं, की लोक म्हणणार, "ती पोटात पानी भरनारी व्हय?" ऐकून डोकं फिरतं. साळूबाई मात्र हसायची. "भरते की! तुमी चहा भरता, मी औषधाचं पानी भरते."

तिच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा आधी रक्त धुवायला आठवड्यातून तीनदा एसटीनं नगरला जावं लागे. इकडं शेळ्या उपाशी, तिकडून येताना ही अर्धमेली. मग दवाखान्यातल्या प्रणिता सिस्टरनी दुसरी वाट दाखवली. पोटाच्या आत, आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो. पोटात कायमची बसवलेल्या नळीनं औषधाचं पाणी आत सोडायचं, काही तास ठेवायचं. रक्तातली घाण पडद्यातून पाझरून पाण्यात उतरते. मग ते काढून टाकायचं. सगळं घरच्या घरी.

"येवढा कामाचा पडदा पोटात, आन आमाला ठावंच न्हाई?"

"असे किती तरी असतात, मावशी. फुप्फुसांवर दुपदरी असतो, म्हणून श्वास घेताना ती बरगड्यांना घासत नाहीत. काळजाभोवती पिशवीसारखा. मेंदूवर तीन थर. गुडघ्यातला वंगण सोडतो. नाकातलं ओलं अस्तर धूळ अडवतं. आणि बाळाभोवतीची पाणमोट? तोही पडदाच."

पाणमोट साळूबाईला चटकन कळली. तीन बाळंतपणं झालेली बाई. "म्हंजी येळंआधी फुटली की घात. ह्यो बी तसाच जपायचा."

आणि तिनं जपला. पाणी बदलताना दार लावायची, पंखा बंद करायची, तोंडाला मास्क, कोपरापर्यंत साबण. दोन वर्षं ती घरी राहिली, शेळ्या राखल्या, माणसासारखी जगली.

मग थोरली नणंद भागूबाई यात्रेहून नाथांचा अंगारा घेऊन आली. आपल्याकडची रीत अशी, की दुखणं जिथं, अंगारा तिथं.

"वन्सं, तिथं हात लावायचा न्हाई."

"नाथापरीस तुझी सिस्टर मोठी झाली व्हय गं?"

सासू गेल्यावर ह्याच नणंदेनं घर सावरलेलं. साळूबाईनं पदर बाजूला केला. भागूबाईनं डोळे मिटून, अगदी मनापासून, नळी पोटात शिरते तिथं चिमूटभर अंगारा दाबला.

काही दिवसांत तिथं लाल झालं. मग पोटातून निघालेलं पाणी ताकासारखं गढूळ आलं. गढूळ दिसलं, की त्याच घटकेला दवाखान्यात फोन करायचा, हे तिला पाठ होतं. पण फोन केला, की नवरा विचारणार, कोणी हात लावला? मच्छिंद्र तापट माणूस. सख्ख्या बहिणीला पुन्हा दारात उभं केलं नसतं त्यानं. साळूबाईनं ते पाणी मोरीत ओतलं आणि गप्प बसली. तापानं आडवी पडेपर्यंत गप्प बसली.

"मावशी, पाणी कधीपासून गढूळ आहे?" दवाखान्यात प्रणितानं विचारलं.

"आजच."

"खरं सांगा."

"बोल की!" मच्छिंद्र ओरडला. "कोन आलं हुतं?"

"कोनी न्हाई. माझेच हात धुवायचे राहिले."

सुनेला आपल्या जिवापेक्षा नणंदेचं माहेर मोठं वाटतं, आणि आपण त्याला संस्कार म्हणतो! आग लागो असल्या संस्काराला.

औषधं पोटात सोडून पाहिली, लागू पडली नाहीत. नळी काढावी लागली. पडदा आतून जाड झाला, आतड्यांना चिकटला. आता त्यातून काही पाझरणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे पुन्हा नगर, पुन्हा आठवड्यातून तीनदा एसटी.

शेळ्या बघणार कोण? भागूबाई न्यायला आली. दावी हातात घेतली आणि तिथंच थांबली.

"वहिनी, माझ्यामुळं झालं का गं?"

साळूबाई शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"ह्या काळीला भिजलेलं गवत घालू नगा, वन्सं. पोट फुगतं तिचं." मग पिशवी उचलून म्हणाली, "चला. माझी एसटी यील आता."